आमच्या उशाशीं असणारीं पुस्तकें

वाचनाचा नाद ज्यांना आहे त्यांच्या घरीं पुस्तकांच्या दोन जाति असतात. एक जात टेबलावर, चारचौघांना दिसेल अशी मांडलेली असते. दुसरी उशीखालीं दडलेली असते. पहिलीविषयीं आईबाप पाहुण्यांजवळ अभिमानानें बोलतात; दुसरी सांपडली म्हणजे "परीक्षा जवळ आली ना रे?" असा प्रश्न येतो. जपानी भाषेचें क्रमिक पुस्तक हल्लीं पहिल्या जातींत मोडतें; कारण ती भाषा आली असतां पुढेंमागें चांगली नोकरी मिळते, परदेश पाहावयास मिळतो, अशी पुष्कळांची समजूत आहे. शहरांत घडणाऱ्या जादूच्या कादंबऱ्या, ज्यांना इंग्रजी वाचक 'अर्बन फँटसी' म्हणतात, त्या दुसऱ्या जातींतल्या. आम्हांला दोन्ही प्रिय आहेत आणि दोन्ही आमच्या उशाशींच असतात. क्रमिक पुस्तक आम्ही पडल्या पडल्या कादंबरीसारखें वाचतों, आणि जादूची कादंबरी हातांत पेन्सिल घेऊन वाचतों. हें पाहून घरांतलीं माणसें हंसतात. तीं सुखानें हंसोत. परंतु या वाचनांतून आमचें जें मत बनलें आहे तें विद्यार्थ्यांच्या आणि त्यांच्या पालकांच्या उपयोगीं पडेल असें वाटल्यावरून येथें मांडीत आहों.

तें मत थोडक्यांत असें: अद्भुताला नियम पाहिजे आणि नियमाला अद्भुत पाहिजे. जी जादूची कथा व्याकरणासारखी आपले नियम पाळते ती चांगली. आणि जें व्याकरणाचें पुस्तक वाचतांना कथेप्रमाणें 'पुढें काय?' असें वाटत राहतें तें चांगलें. दोन्ही पुस्तकें परक्या जगाचें दार उघडतात. म्हणून दोहोंची परीक्षाही आम्ही एकाच कसोटीवर करतों.

प्रथम कथांकडे वळूं. राजा, राक्षस, उडता घोडा आणि सात समुद्रांपलीकडचें बेट यांच्या गोष्टी आपण सर्वांनीं लहानपणीं ऐकल्या आहेत. त्या गोष्टींतला देश नकाशावर नसतो. नागरी अद्भुतकथेचें याच्या उलट आहे. तिच्यांतलें शहर खरें असतें. रस्त्यांचीं नांवें खरीं, पूल खरे, आगगाडीचीं स्टेशनें खरीं. आणि अशा ओळखीच्या रस्त्यावर एखादें दार असतें, कीं तें उघडलें म्हणजे पलीकडे भलतेंच जग दिसावें. हा प्रकार आजचा नाहीं. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनीं मराठींत आणावयास घेतलेल्या 'अरबी भाषेंतील सुरस व चमत्कारिक गोष्टी' ज्यांनीं वाचल्या असतील त्यांना आठवेल, कीं त्यांतल्या पुष्कळ गोष्टी बगदाद, बसरा, कैरो अशा खऱ्याखुऱ्या शहरांतल्या आहेत. खलीफा हारून-अल्-रशीद रात्रीं वेष पालटून ज्या गल्ल्यांतून हिंडतो त्या एका नांदत्या बाजारपेठेच्या गल्ल्या आहेत. तेथें जिन्न आहे, पण शेजारीं हमालही आहे आणि कोळीही आहे. त्या हमालामुळें आणि त्या कोळ्यामुळेंच जिन्न खरा वाटतो.

मुलांसाठीं हा मार्ग विलायतेंत ईडिथ नेस्बिट या बाईंनीं विसाव्या शतकाच्या आरंभीं मोकळा केला. त्यांच्या १९०४ सालच्या 'द फीनिक्स अँड द कार्पेट' या पुस्तकांत, राखेंतून पुनः जन्मणारा तो प्रसिद्ध पक्षी लंडनच्या एका साध्या घरांतल्या शेगडींत प्रगट होतो. आणि शहरांतल्या 'फीनिक्स' नांवाच्या आगीच्या विमा कंपनीची कचेरी पाहून तें आपलेंच देवालय आहे अशी त्याची खात्री पटते! हंसूं तर येतेंच. पण दुसऱ्या दिवशीं रस्त्यानें जातांना वाचक दुकानांवरच्या पाट्या निराळ्या नजरेनें वाचूं लागतो, हा मोठा लाभ. याच बाईंच्या १९०२ सालच्या 'फाइव्ह चिल्ड्रन अँड इट' या पुस्तकाची कथा खेड्यांत घडते, तथापि नियमाचा धडा तिच्यांत उत्तम आहे. वाळूंत राहणारा एक विचित्र प्राणी मुलांची इच्छा पुरी करतो. परंतु सूर्य मावळला कीं त्या इच्छेचा सारा पसारा नाहींसा होतो. मुलें सुंदर होण्याची इच्छा करतात, तों घरचीं माणसें त्यांना ओळखीनाशीं होऊन दुपारच्या जेवणाला मुकावें लागतें. तीं सोनें मागतात, तों सोन्याचीं नाणीं इतकीं जुन्या चालीचीं निघतात, कीं दुकानदार तीं घेईनात. मागितलें तेंच मिळालें, आणि तरीही फजिती झाली! नियम एकदां सांगितला आणि लेखिकेनें तो शेवटपर्यंत पाळला, एवढ्यामुळें ही गंमत साधली आहे.

अलीकडच्या ग्रंथांपैकीं एकच घेतों. बेन आरोनोविच यांची 'रिव्हर्स ऑफ लंडन' ही कादंबरी २०११ सालीं प्रसिद्ध झाली. तिच्यांतील कांहीं प्रसंग क्रूर आहेत, म्हणून ती वरच्या वर्गांतल्या मुलांनीं, तीही वडील माणसांना विचारून, वाचावी. पीटर ग्रँट हा लंडनचा तरुण पोलीस शिपाई कॉव्हेंट गार्डन येथें एका खुनाच्या जागीं पहारा करीत असतां एका भुताची साक्ष ऐकतो, आणि त्यानंतर तो पोलीस खात्यांतल्याच एका मांत्रिकाचा शिष्य होतो. येथें जादू फुकट मिळत नाहीं. पहिला साधा प्रकाश तळहातावर उमटविण्यासाठीं त्याला आठवड्यांमागून आठवडे एकच पाठ घोकावा लागतो. शिवाय लॅटिन भाषा शिकावी लागते. जवळ जादू केली तर खिशांतल्या दूरध्वनियंत्राची भुकटी होते, आणि अति केली तर करणाराचा मेंदूच जातो. थेम्स नदीचीं दैवतेंही दोन आहेत: एक वरच्या प्रवाहाचा म्हातारा, आणि दुसरी भरतीच्या पाण्याची, नायजेरियाहून आलेली, मातोश्री. त्यांच्या राज्यांची शीव टेडिंग्टन येथें आहे. आणि खरोखरच समुद्राची भरती थेम्स नदींत तेथपर्यंतच चढते! शहराखालीं गाडल्या गेलेल्या फ्लीट, टायबर्न इत्यादि नद्या या मातोश्रींच्या मुली. हें पुस्तक मिटल्यावर पुण्याच्या आंबील ओढ्याकडे पुलावरून पाहतांना, "हिचें नांव कोणीं विचारलें आहे काय?" असें आमच्या मनांत आलें. ज्या अद्भुतकथेनें आपल्या दारच्या ओढ्याविषयीं आदर वाटूं लागतो तिला वेळेचा अपव्यय कसें म्हणावें?

याच्या उलट, ज्या कादंबऱ्या आम्ही अर्ध्यावर टाकतों त्यांचीं लक्षणेंही सांगतों. ज्या कादंबरींत शहर म्हणजे नाटकाच्या पडद्यावरचें चित्र असतें, म्हणजे लंडनचें नांव खोडून त्या जागीं पॅरिस लिहिलें तरी एकही वाक्य बदलावें लागत नाहीं, ती पहिली. ज्या कादंबरीचा नायक दर संकटांत एक नवीन शक्ति खिशांतून काढावी तशी काढतो, ती दुसरी. आणि जिच्यांत जादूची किंमत कोणालाच द्यावी लागत नाहीं, ती तिसरी. असलें पुस्तक म्हणजे ज्यांत प्रत्येक शब्द अपवादच आहे असें व्याकरण होय. त्यापासून कांहीं शिकतां येत नाहीं, आणि खरें सांगावयाचें तर त्यांत आश्चर्यही वाटत नाहीं. कांहींही घडूं शकतें असें एकदां कळलें म्हणजे घडलेल्या कशाचेंच नवल उरत नाहीं.

आमच्या दोन आवडी जेथें एकमेकींस भेटतात तें शहर जपानांतलें क्योतो. तोमिहिको मोरिमी या लेखकाची 'उचोतेन् काझोकु' ही कादंबरी २००७ सालीं निघाली. क्योतो शहरांत माणसें, तेंगू नांवाचे उडणारे गर्विष्ठ पुरुष, आणि तानुकी अशा तिघांची वस्ती आहे, असें लेखक धरून चालतो. तानुकी हा कोल्ह्याकुत्र्यांच्या कुळांतला एक लठ्ठसा प्राणी. तो हवें तें रूप घेऊन माणसांना फसवितो अशी जपानी लोकांची जुनी समजूत आहे. शिमोगामो देवळाच्या राईंत, जी आजही शहराच्या मध्यभागीं उभी आहे, तेथें चार मुलांची आई असलेली एक विधवा तानुकी राहते. त्या मुलांचा बाप कसा गेला? शहरांतलें एक 'शुक्रवार मंडळ' दर वर्षाच्या अखेरीस तानुकीचें कालवण करून मेजवानी करतें. त्यांत तो गेला. सारें पुस्तक थट्टेनें भरलेलें आहे, आणि थट्टेखालीं हा घाव आहे. पोरक्या झालेल्या चार भावांनीं एकमेकांशीं आणि आपल्या आईशीं कसें वागावें, हा प्रश्न कोणत्याही गांवचा आहे. आम्हांला हें पुस्तक प्रथम भाषांतरांत वाचावें लागलें; आणि ज्या भाषेंत तें भाऊ एकमेकांना हांक मारतात ती भाषा आपल्या कानांनीं ऐकावी या इच्छेनेंच आम्ही क्रमिक पुस्तकांकडे वळलों.

परक्या भाषेचें क्रमिक पुस्तक म्हणजे तरी काय? अपरिचित नगराची वेस. ती कोणीतरी आधीं त्या नगरांत राहून, तेथल्या माणसांचें बोलणें कान देऊन ऐकून, मागून येणारांसाठीं बांधलेली असते. जपानी भाषेच्या या वेशीचा एक खांब आपल्या किनाऱ्यावर उभा आहे. आंजिरो नांवाचा एक जपानी गृहस्थ गोव्यास आला, तेथील सेंट पॉल विद्यालयांत राहून शिकला, आणि १५४८ सालीं त्याचा बाप्तिस्मा झाला. त्यास बरोबर घेऊन संत फ्रान्सिस झेवियर १५४९ सालच्या ऑगस्ट महिन्यांत कागोशिमा बंदरांत उतरले. पुढें जेझुइट पाद्र्यांनीं १६०३ सालीं नागासाकी येथें जपानी-पोर्तुगीज शब्दकोश छापला. त्यांत सुमारें ३२,००० शब्द आहेत. फादर जुआंव रॉड्रिग्ज यांनीं १६०४ ते १६०८ या काळांत तेथेंच जपानी भाषेचें विस्तृत व्याकरण प्रसिद्ध केलें. त्याच काळांत इकडे साष्टींत फादर थॉमस स्टीफन्स आपल्या लोकांची भाषा आत्मसात करीत होते. त्यांचें मराठी 'क्रिस्तपुराण' १६१६ सालीं छापलें गेलें आणि कोंकणीचें व्याकरण त्यांच्या मृत्यूनंतर १६४० सालीं राशोल येथें छापलें गेलें. मोल्सवर्थसाहेबांचा मराठी कोश १८३१ सालचा. आणि तसाच जपानीचा कोश डॉक्टर हेपबर्न या अमेरिकन मिशनऱ्यानें १८६७ सालीं काढला. या मंडळींपुढें आजच्यासारखें क्रमिक पुस्तक नव्हतें. जें बोलणें कानांना केवळ गलबला वाटतें त्यांत नियम असलाच पाहिजे, आणि तो बोलणारांच्या पायाशीं बसूनच समजेल, एवढी श्रद्धा मात्र त्यांच्याजवळ होती. कोणत्याही क्रमिक पुस्तकाचें पहिलें पान हेंच होय.

आतां आजच्या पुस्तकांविषयीं. आपल्याकडच्या पुष्कळ वर्गांत जें चालतें तें 'मिन्ना नो निहोंगो' १९९८ सालीं निघालें. त्याच्या पहिल्या दोन भागांत मिळून ५० पाठ आहेत. मुख्य पुस्तक सबंध जपानींत असतें, आणि अर्थ व व्याकरण यांसाठीं निराळें पुस्तक घ्यावें लागतें. हा त्याचा गुण आहे. कुबडी हातांत असली कीं पाय चालावयास शिकत नाहींत. दोष असा, कीं त्यांतले मिलरसाहेब व त्यांचे सोबती यांचें बोलणें फार दिवस कचेरींतल्यासारखें बेतशीर राहतें, आणि घरांत मित्रामित्रांत जी भाषा चालते ती विसाव्या पाठांत प्रथम पुढें येते. हा क्रम चुकीचा आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परक्यानें घरांत पुढच्या दारानेंच जावें. परंतु आंत माजघर आहे, आणि तेथें लोक निराळें बोलतात, हें शिक्षकानें पहिल्याच दिवशीं सांगून ठेवावें. नाहींतर वर्षभर शिकून चित्रपटांतलें एक वाक्य कळत नाहीं म्हणून मुलें हिरमुसतात. 'गेंकी' हें पुस्तक १९९९ सालचें. त्याची तिसरी आवृत्ति २०२० सालीं निघाली. त्यांतल्या मेरी आणि ताकेशी यांचें पुढें काय होणार हें वाचकाला जाणावेसें वाटतें, ही त्याची खुबी. मात्र त्यांतला विद्यार्थी अमेरिकन महाविद्यालयांतून आलेला आहे हें पदोपदीं जाणवतें. श्रीमती जॉर्डन व श्रीमती नोदा यांचें १९८७ सालापासून निघालेलें 'जॅपनीज: द स्पोकन लँग्वेज' आतां जुनें झालें; तें सर्व रोमन लिपींत आहे आणि त्यांतले खुलासे लांबलचक आहेत. तरीही अमुक वाक्य कोणीं, कोणाला, कोणत्या प्रसंगीं म्हणावें याचा जितका बारकाईनें विचार त्या पुस्तकांत केला आहे तितका आम्हांला दुसरीकडे आढळला नाहीं. वाक्य व्याकरणानें शुद्ध असूनही भलत्या माणसाला बोललें तर चूकच, हा त्याचा मुख्य धडा.

या तिन्ही पुस्तकांपैकीं एकही मराठी मुलासाठीं लिहिलेलें नाहीं, आणि येथेंच आमचा विशेष आग्रह आहे. इंग्रजींतून जपानी शिकणें म्हणजे शेजारच्या आळींत जाण्यासाठीं गांवाला वळसा घालणें होय. "वाताशि वा एकि मादे आरुइते इकिमासु" हें वाक्य घ्या. 'वाताशि वा' म्हणजे मी, 'एकि' म्हणजे स्टेशन, 'मादे' म्हणजे पर्यंत, 'आरुइते' म्हणजे चालत, 'इकिमासु' म्हणजे जातों. मी स्टेशनपर्यंत चालत जातों. एकही शब्द जागचा हलवावा लागला नाहीं! इंग्रजीच्या द्वारें शिकणाराला मात्र हें वाक्य उलटें करून पाठ करावें लागतें. पुढें पाहा: 'शिते मिरु' याचा शब्दशः अर्थ करून पाहणें, 'शिते ओकु' म्हणजे करून ठेवणें, 'शिते शिमाउ' म्हणजे करून टाकणें, 'मोत्ते इकु' म्हणजे घेऊन जाणें आणि 'मोत्ते कुरु' म्हणजे घेऊन येणें. इंग्रजी पुस्तकांना ज्याकरितां पानेंच्या पानें खर्चावीं लागतात तें आमच्या आजीच्या तोंडीं रोज असतें. लिपीचेंही तसेंच. जपानी मुलें आपली अक्षरें अ, इ, उ, ए, ओ अशीं म्हणतात, आणि नंतर क, स, त, न, ह, म, य, र, व या क्रमानें पुढें जातात. हा क्रम तेथें बौद्ध भिक्षूंच्या संस्कृत वर्णमालेच्या अभ्यासांतून आला. 'स'च्या वर्गाचा उच्चार पूर्वीं 'च'च्या जवळचा होता आणि 'ह'च्या वर्गाचा 'प' असा होता, हें लक्षांत घेतलें म्हणजे क, च, त, न, प, म, य, र, व अशी आपलीच बाराखडीची वाट उघड दिसते. हजार वर्षांपूर्वीं आपल्याकडून गेलेला पाहुणा दार उघडून समोर उभा राहावा, तसें हें वाचतांना आम्हांला झालें. कोणत्या जादूच्या कादंबरींत याहून अधिक आश्चर्य आहे?

परंतु जवळीक आहे म्हणून शिस्त नको असें नाहीं. आमच्या परिचयाच्या एका हुशार मुलानें जपानी चित्रकथा पाहून पाहून कानानें बरीच भाषा उचलली होती. घरीं एक वयोवृद्ध जपानी पाहुणे आले तेव्हां त्यानें मोठ्या उत्साहानें त्यांस 'ओमाए' म्हणून संबोधिलें. चित्रकथेंतला नायक आपल्या शत्रूला असेंच म्हणतो. आजोबांच्या वयाच्या माणसाला "काय रे तूं!" म्हणण्यासारखें तें झालें. पाहुणे आधीं दचकले, मग मनापासून हंसले, आणि त्यांनीं सांगितलें, कीं बाळ, आमच्याकडे समोरच्या माणसाला 'तूं' किंवा 'तुम्ही' म्हणण्यापेक्षां त्याचें नांव घेऊन पुढें 'सान्' लावणें बरें. तूं, तुम्ही आणि आपण यांतला भेद ज्या घरांत रोज पाळला जातो त्या घरच्या मुलाला हा नियम समजावयास क्षणही लागला नाहीं. तो सांगणारा कोणी हवा होता एवढेंच. क्रमिक पुस्तकाचें काम तें हें. नियम म्हणजे तुरुंग नव्हे. पाहुण्याच्या घरीं चपला कोठें काढाव्या हें सांगणारें तें सौजन्य आहे.

आणि या नियमांतही अद्भुत आहे, हें पाहण्याची दृष्टि मात्र पाहिजे. जपानींत 'देणें' या क्रियेला एक शब्द पुरत नाहीं. मी दुसऱ्याला दिलें तर 'आगेरु'; दुसऱ्यानें मला दिलें तर 'कुरेरु'. देण्याचा ओघ कोणीकडून कोणीकडे गेला हें ती भाषा बोलणाराला विसरूंच देत नाहीं. उपकाराची नोंद क्रियापदांतच होते. चित्रलिपींत झाडाचें एक चिन्ह आहे. दोन झाडें शेजारीं काढलीं कीं राई, आणि तीन काढलीं कीं अरण्य. झाडापाशीं माणूस टेकला कीं त्याचा अर्थ विश्रांति. नित्य व्यवहारासाठीं म्हणून २०१० सालीं ठरविलेल्या यादींत अशीं २,१३६ चिन्हें आहेत. तीं सर्वच इतकीं सोपीं नाहींत. पण एकेक चिन्ह म्हणजे एकेक लहानशी गोष्ट, असें मानून चालणाराची पाठांतराची निम्मी कटकट कमी होते.

हायाओ मियाझाकी यांचा २००१ सालचा 'सेन् तो चिहिरो नो कामिकाकुशी' हा चित्रपट पुष्कळ मुलांनीं पाहिला असेल. 'कामिकाकुशी' म्हणजे देवांनीं माणसाला दडवून नेणें. आपण चकवा लागला म्हणतों त्याच्याच नात्यांतली ही कल्पना आहे. दहा वर्षांची चिहिरो आईबापांबरोबर वाट चुकते आणि देवांच्या स्नानगृहांत कामाला लागते. तेथली मालकीण चेटकीण तिच्याकडून कागदावर नांव लिहून घेते आणि त्यांतलें अक्षर काढून घेऊन तिला 'सेन्' हें नवें नांव देते. भाषा न जाणणाराला ही नुसती जुलमाची लहर वाटते. पण चिहिरो हें नांव दोन चिन्हांचें आहे: पहिल्याचा अर्थ हजार, दुसऱ्याचा वांव. दुसरें चिन्ह काढून घेतलें म्हणजे उरलें नुसतें 'हजार'. आणि तें चिन्ह एकटें असलें कीं त्याचा उच्चार 'चि' न राहतां 'सेन्' होतो. म्हणजे चेटकिणीनें मनांत येईल तें नांव दिलें नाहीं; तिनें व्याकरणाच्या नियमानेंच मुलीला लुटलें! आणि जो आपलें खरें नांव विसरला त्याला घरची वाट कधींच सांपडत नाहीं, हा त्या जगाचा दुसरा नियम. कथा आणि क्रमिक पुस्तक हीं एकमेकांना कशीं पुरीं करतात याचा याहून चांगला दाखला आम्हांला ठाऊक नाहीं.

आतां पालकांस एक विनंति. मुलाच्या उशीखालीं जादूची कादंबरी सांपडली तर ती लगेच काढून घेऊं नका, आधीं त्याला विचारा, "या जादूचे नियम काय? तिची किंमत कोण देतो?" त्याला उत्तर देतां आलें तर पुस्तक चांगलें आहे आणि वाचणाराही चांगला आहे, असें खुशाल समजा. उत्तर देतां आलें नाहीं तर याहून चांगलें पुस्तक त्याच्या हातीं द्या. आणि जपानीचें क्रमिक पुस्तक तुम्ही हौसेनें आणून दिलें असेल तर तें केवळ नोकरीची शिडी म्हणून देऊं नका. शिडीवर कोणी रमत नाहीं, घरांत रमतात. त्या पुस्तकामागें कोणाचें तरी घर आहे, तेथें आजी आहे, भावंडें आहेत, थट्टा आहे, हें मुलाला एकदां दिसलें म्हणजे घोकण्यासाठीं त्याच्या मागें लागावें लागणार नाहीं.

विद्यार्थी-मित्रांनो, तुम्हांला सांगावयाचें तें एवढेंच. पुढील आयुष्यांत तुम्ही पुष्कळ परक्या नगरांत जाल. कांहीं पुस्तकांतलीं असतील, कांहीं नकाशावरचीं. तेथले नियम आदरानें शिका, कारण नियम न शिकतां आंत शिरणारा पाहुणा राहत नाहीं, घुसखोर होतो. पण वेशीवर कोणी तुमचें नांव मागितलें तर तें देऊन टाकूं नका. इंग्रजी शिका, जपानी शिका. परंतु ज्या मराठीच्या बळावर "मी स्टेशनपर्यंत चालत जातों" हें परकें वाक्य तुम्हांला क्षणांत आपलें वाटलें, ती मराठी रोज थोडी वाचीत आणि लिहीत जा. दूर गेलेल्याला परत येण्याची वाट तीच दाखविते.